स्वच्छ धुतलेल्या बिया

"बाबा, पुसू नका ते. ते डर्ट नाहीये."

मुरलीधर पाटणकरांनी खिशातून काढलेला रुमाल तसाच हातात धरला. काचघरातल्या त्या पुरुषभर उंचीच्या झुडपाच्या पानापानावर काळपट ठिपके होते, आणि ठिपका दिसला की तो पुसायचा, एवढं आयुष्यानं त्यांना पक्कं शिकवलं होतं. उत्तर लंडनमधल्या एका हॉस्पिटलात, ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक करण्याच्या खात्यात त्यांची उभी हयात गेली होती. कात्र्या, चिमटे, सुऱ्या धुवायच्या, वाफेच्या यंत्रात घालायच्या, जंतू मेल्याची खात्री करायची आणि मगच वर पाठवायच्या. कुणी सांगतं मी दोन घरं बांधली, कुणी सांगतं मुलं डॉक्टर केली. मुरलीधर सांगायचे, माझ्या हातून एक जंतू जिवंत सुटला नाही. यात खरं किती आणि फुशारकी किती ते देव जाणे, पण एजवेअरच्या त्यांच्या घरी पाहुण्याला चहाचा कपसुद्धा उकळत्या पाण्यातून निघाल्याशिवाय मिळत नसे.

"हात लावून बघा," निवेदिता म्हणाली. "बंप्स लागतात ना? त्याच्यात बॅक्टेरिया राहतात."

"पानात? मग औषध मार की."

निवेदिता हसली. त्यांची ही एकुलती एक मुलगी एडिनबराबाहेरच्या या संशोधन-बागेत आफ्रिकेतल्या झुडपांवर काम करायची. जन्म इथलाच, त्यामुळे मराठी मोडकंतोडकं, पण बापाशी बोलायचं तर मराठीतच, हा हट्ट तिचा तिनंच धरलेला.

"हे कॉफीच्या फॅमिलीमधलं आहे. आईला आवडायचं ते अनंताचं फूलपण याच फॅमिलीमधलं. बघा, पानं नेहमी समोरासमोर, आणि दोन देठांच्या मध्ये ही छोटी टोपी." तिनं फांदीच्या टोकाशी, दोन देठांमध्ये चिकटलेला त्रिकोणी पापुद्रा नखानं दाखवला. "ही टोपी कोवळ्या शेंड्याला झाकते. आत गमसारखं काहीतरी असतं, त्याच्यात बॅक्टेरिया. पान येताना पानात जातात, फूल येताना फुलात, आणि मग बीमध्ये. म्हणजे आईकडूनच येतात."

मुरलीधर वाकून बघत होते. एका झुबक्यात चार पाकळ्यांची पांढरी फुलं होती आणि प्रत्येकातून सुईसारखी लांब दांडी बाहेर आली होती. आपल्या पोरीला एवढं सगळं ठाऊक आहे, या कौतुकानं त्यांचा ऊर भरून आला होता. जंतूंचं त्यांना अजून पटलं नव्हतं.

"आणि नसले तर?"

निवेदितेचं हसू गेलं. तिनं त्यांना पलीकडच्या बाकापाशी नेलं. तिथं कुंड्यांच्या रांगा होत्या आणि त्यात बोटभर उंचीची, आकसलेली रोपं. पानं चुरगळल्यासारखी. एकाही पानावर ठिपका नाही. स्वच्छ.

"ही याच जातीची रोपं. यांच्यात एकपण बॅक्टेरिया नाहीये, म्हणून वाढत नाहीत. सगळी मरणार, बाबा."

"असं कशानं झालं?"

"हीट. बीला हीट लागली की बॅक्टेरिया मरतात, बी मात्र जगते. एलियासनी फळं पत्र्यावर उन्हात ठेवली असणार."

एलियास म्हणजे टांझानियातल्या उसांबारा डोंगरातला जंगलाचा राखणदार. वर्षानुवर्षं तोच कडा चढून या बागेसाठी फळं काढायचा आणि पाठवायचा. गेल्या हिवाळ्यात त्या उतारावरचं जंगल तुटलं, लाकूड गेलं, झुडपंही गेली. काचघरातलं हे एकटं झाड फळ धरत नाही. म्हणजे एलियासनं शेवटी पाठवलेल्या त्या बिया याच काय त्या जगात उरलेल्या होत्या, आणि त्यांची ही गत.

"आज डॉक्टर रॉस रिपोर्ट साइन करणार," निवेदिता म्हणाली. हेलन रॉस म्हणजे तिची वरिष्ठ. "एलियासचं काम बंद करणार. माझ्या कॉन्ट्रॅक्टचं पण आजच ठरणार."

मुरलीधर हीट या शब्दापाशीच अडकले होते.

गेल्या दिवाळीला निवेदिता एजवेअरला आली ती ट्रेननं, रात्री उशिरा, थकून भागून. पर्समध्ये टांझानियाहून आलेलं एक पाकीट होतं. फळं ऐन निघताना आली, सोमवारपर्यंत ठेवली तर बुरशी लागेल, उद्या सकाळी इथंच साफ करते, असं सांगून ती झोपली. मुरलीधर नेहमीप्रमाणे पहाटे उठले. पाकिटातून वास येत होता. आत काळी, चिकट, किडकी फळं. बाई गं, पोरीला सुट्टीच्या दिवशी हे निपटायला लावायचं? त्यांनी गर काढला, बिया चहाच्या गाळणीत घेतल्या आणि किटलीतलं पाणी, उकळतं नव्हे पण हात पोळेल असं, दोनदा घालून झाकून ठेवल्या. मग कागदावर पसरून वाळवल्या. सकाळी निवेदितेनं पाहिलं आणि गळ्यातच पडली. बाबा, किती क्लीन केलंत. त्या दिवशीची करंजी त्यांना गोड लागली होती. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं म्हणतात ते खोटं नाही, फक्त इथं हसायला कुणी नव्हतं.

"निवू," ते म्हणाले, "तो एलियास नव्हे. मी."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. किटली, गाळणी, झाकण, सगळं.

निवेदिता एका कुंडीकडे बघत राहिली. मुरलीधरांना वाटलं, आता ही ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"म्हणजे, वाटलं होतं. जानेवारीत पानं अशी आली तेव्हाच. तुम्ही आणि गरम पाणी. मी विचारलं नाही, कारण मला आन्सर नको होता."

"अगं, मग हे चोर सोडून संन्याशाला फाशी झालं."

"बाबा, लिसन. बी या बिल्डिंगच्या बाहेर न्यायची नाही, हा इथला पहिला रूल आहे. मी ती घरी आणली. हे कळलं तर माझं कॉन्ट्रॅक्ट गेलंच, आणि पुढे कुणी बीला हातपण लावू देणार नाही. एलियासला दुसरं काम मिळेल."

"तुला काय माहीत मिळेल?"

"मला नाही मिळणार, ते माहीत आहे."

मुरलीधर बाकाला टेकले. त्यांना एक दुपार आठवली. यंत्राच्या दाराचा रबर फाटला होता, हत्यारं निर्जंतुक न होताच वर गेली होती. कुणाला कळलंही नसतं. त्यांनी स्वतः फोन करून ऑपरेशन थांबवायला लावलं. सर्जननं आईबहीण काढायची तेवढी बाकी ठेवली, वर लेखी ताकीद मिळाली. त्या संध्याकाळी जेवताना त्यांनी हे छोट्या निवेदितेला ताठ मानेनं सांगितलं होतं.

"तो फाटक्या रबराचा प्रसंग विसरलीस तू?" त्यांनी विचारलं.

"नाही विसरले. तेव्हा तुमची नोकरी होती, बाबा. तुम्ही तुमची पणाला लावली. ही माझी नोकरी आहे." तिनं दाराकडे पाहिलं. "तुम्ही प्लीज हात दाखवून अवलक्षण करू नका."

ही म्हण तिला आईनं शिकवली होती. बाकी कुठली तिला यायची नाही.

काचेचं दार सरकलं आणि हेलन रॉस आत आल्या. उंच, पांढऱ्या केसांची, हसतमुख बाई. हातात कागद होते, पण त्यांनी आधी मुरलीधरांचा हात दोन्ही हातांत घेतला.

"निवेदितेनं तुमच्याबद्दल सांगितलंय," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "आमचं दुःख तुम्हाला समजेल. इतकी काळजी घ्यायची, आणि सुरुवातीलाच एक निष्काळजी माणूस भेटायचा. खरं सांगू, मला अजून सही करवत नाहीये. एलियासला मी ओळखते. तुमच्या हॉस्पिटलात अशा माणसाचं काय करायचे?"

आता फक्त एक वाक्य. मुरलीधरांच्या जिभेवर ते आलं होतं, सगळं, किटलीसकट. त्यांनी मुलीकडे पाहिलं. ती कुंडीवरची चिठ्ठी सरळ करत होती. ती केव्हाच सरळ झाली होती, तरी करत होती. तिच्या मानेवर लहानपणी यायचा तसा घाम आला होता.

"त्याला पुन्हा कशालाही हात लावू देत नसू, मॅडम," मुरलीधर म्हणाले.

रॉसबाईंनी हळूच मान हलवली. "हो. तसंच करावं लागतं," त्या म्हणाल्या. बाकावर कागद ठेवून त्यांनी सही केली, निवेदितेला पुढच्या वर्षाच्या कामाचं दुपारी बोलू म्हणाल्या, आणि गेल्या.

दार बंद झाल्यावर निवेदिता बापाच्या जवळ आली. "थँक यू, बाबा," ती म्हणाली आणि रडायला लागली. एरवी त्यांनी तिला जवळ घेतलं असतं. आज हात वर उचललाच जाईना. आपल्याला या पोरीचा राग आलाय, आणि त्याहून जास्त आपला, हे त्यांना अगदी स्वच्छ कळत होतं.

"त्या एलियासचं पूर्ण नाव काय गं?" त्यांनी विचारलं.

"का?"

"असंच. माहीत असावं."

निवेदितेनं डोळे पुसले. आठवायचा प्रयत्न केला. ओठ हलले, थांबले.

"फाइलमध्ये असेल," ती म्हणाली. "बघून सांगते."

ती ऑफिसकडे गेली. मुरलीधरांनी, इथले लोक मयताला काढतात तशी, डोक्यावरची लोकरी टोपी काढली, हातात धरली आणि ती परत येईपर्यंत ते तसेच उभे राहिले.