पहिल्या माळेचं सोयर

रणवीर मेला तेव्हा सहा वर्षांचा होता.

वाघणगेरी संस्थानच्या थोरल्या पातीत तो एकुलता एक. बापाने धारवाडच्या एका कन्नड नर्सशी लग्न केलेलं, आणि धाकट्या चुलत्याला गादी हवी होती. राज्य केव्हाच खालसा झालं होतं. पण गादी होती, देवी होती, दसऱ्याचा मान होता. चुलत्याने भाऊबंद जमवले. अंगणात दक्षिणेकडे पाण्याचे दोन घडे मांडले, एक मोठा, एक छोटा, आणि तानूबाई नावाच्या कुळंबिणीला पुढे बोलावलं. जिवंत माणसाला कुळातून मेलेला ठरवायचा हा जुना विधी. घड्याला दासीने लाथ मारायची. घडा फुटला की तो माणूस संपला.

मोठा फुटला. रणवीर खांबाआडून बघत होता. त्याने विचारलं, “छोटा कुणाचा?”

“तुझा, धाकले सरकार,” तानूबाई म्हणाली आणि तिने पाय उचलला.

&nbsp;

इथली पन्नास-पंचावन्न वर्षं गाळली आहेत. उरलेले तुकडे असे.

बेंगळुरू. आईचं माहेरचं कुणीतरी, भाड्याच्या दोन खोल्या. बाप, जो रोज दाढी करून कुठेच जात नसे.

बोम्मसंद्रा. गिअर बनवणारा कारखाना, त्यात रणवीर तपासनीस. कुणाकडून तरी कळलं आणि सगळी शिफ्ट त्याला राजा म्हणू लागली. “राजा, स्वल्प इकडे बा. तुझ्या प्रजेने परत दाते चुकवले.” तो हसायचा. हसायला त्याचं काही जात नसे. चुकलेला गिअर तो डब्यात टाकायचा आणि प्रत्येक वेळी मनात म्हणायचा, उमाकांत.

उमाकांत म्हणजे चुलत्याचा मुलगा. आता गादीवर तोच.

वसुमती, बायको. ती गेली. तिच्या आजारपणात वाघणगेरीहून कुणी आलं नाही. का येतील? मेलेल्या माणसाची बायको आजारी पडत नाही.

तुकडे संपले.

&nbsp;

आषाढात उमाकांत महादेवपुऱ्याच्या फ्लॅटवर आला. बरोबर पुरोहित जयतीर्थ आचार्य. रणवीर तिथे मुलाकडे राहायचा. मुलगा श्रीवत्स आणि सून सिद्धी, दोघं संगणकवाले. सिद्धी पुण्याची आणि सहा महिन्यांची गरोदर.

“दादासाहेब,” उमाकांत म्हणाला आणि वाकून पाया पडला.

रणवीरने पाय मागे घेतले नाहीत. तेवढं त्याला फार बरं वाटलं.

“वाड्याचं हॉटेल होतंय,” उमाकांत म्हणाला. “सध्या काम चालू आहे, म्हणून देवी आम्ही इंदिरानगरच्या बंगल्यावर आणली. आमच्या प्रणीतला यंदा गादीवर बसवायचंय. घटस्थापनेला. हॉटेलवाले त्याची फिल्म करणार आहेत. सगळं अस्सल पाहिजे म्हणतात.”

“मग करा की.”

“टिळा भाऊबंदांतल्या सगळ्यांत थोरल्याच्या हातचा लागतो,” जयतीर्थ म्हणाले. ते मराठी बोलत, पण कानडी चालीवर. “ते तुम्ही, अण्णा.”

“मी तर मेलोय, आचार्य.”

“अदक्के आलो. त्यासाठीच. फुटलेला घडा नवा भरता येतो. शास्त्र आहे.”

उमाकांतने कॉफीचा कप खाली ठेवला. “झालं गेलं विसरून जाऊ. आपलं रक्त एक आहे.”

“आणि मी नाही म्हटलं तर?”

“तर भीमसेनरावांच्या हातून करून घेऊ. तुमच्या मागोमाग तेच. पण आम्हाला वाटलं, तुमचा मान तुम्हाला द्यावा.”

म्हणजे नकार देऊन काहीच अडत नव्हतं. रणवीरने भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटली. घटस्थापनेच्या चौकटीवर बोट ठेवलं. मग स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या असलेल्या सिद्धीच्या पोटाकडे पाहिलं, आणि मनात बोटांवर महिने मोजले.

“सरी,” तो म्हणाला. “करा मला जिवंत.”

श्रावणात श्रीरंगपट्टणला कावेरीच्या काठी सगळ्या भाऊबंदांनी एकत्र अंघोळ केली आणि नवा घडा भरून नदीत सोडला. रणवीर कुळात परत आला. श्रीवत्सही त्याच्याबरोबर जिवंत झाला. तो तर बाप मेल्यावर जन्मला होता.

&nbsp;

रणवीरच्या डोक्यात तेव्हापासून चाललेले सवालजवाब. विचारणारा तोच, सांगणाराही तोच.

घरात मूल जन्मलं तर?

सोयर. दहा दिवस भाऊबंदांपैकी कुणी देवाला शिवायचं नाही, कुणाला टिळा लावायचा नाही, लावून घ्यायचा नाही.

मेलेल्याच्या घरात जन्मलं तर?

मेलेल्याचं सोयर कुणाला लागत नाही.

जिवंत असला तर?

सगळ्या कुळाला.

आणि वाघणगेरीत नव्या राजाचा पहिला घट अडला तर?

घट पुन्हा मांडत नाहीत. त्या माणसाला गादी नाही. जन्मभर.

बातमी कळलीच नाही तर?

कळेपर्यंत सोयर नाही. संकल्प सोडल्यानंतर कळली, तरी नाही.

म्हणजे?

म्हणजे संकल्पाच्या आधी सांगायचं. तोंडावर.

&nbsp;

भाद्रपदात डॉक्टर म्हणाल्या की बाळ पायाळू आहे, फिरेलसं वाटत नाही, ऑपरेशन करावं लागेल. तीन दिवस सांगितले, त्यातला एक निवडा.

“बाबा, तुम्ही पंचांग बघा ना,” सिद्धी म्हणाली. “माझी आई विचारून विचारून डोकं खाणार. तुम्हीच सांगितलंत म्हणून सांगते, म्हणजे गप्प बसेल.”

रणवीरने पंचांग उघडलं नाही. “मधला घे. घटस्थापना.”

“अरे वा, देवीचा दिवस. परफेक्ट.”

तिने त्याला मिठी मारली. तो तसाच उभा राहिला, हात कुठे ठेवावेत हे न कळून.

&nbsp;

मुलगी झाली. सकाळीच.

नर्सने आणून दाखवली तेव्हा श्रीवत्स रडला. रणवीरने पाहिलं, मान हलवली आणि खिशातून फोन काढला. उमाकांतने उचलला नाही. पुन्हा लावला. तेवढ्यात श्रीवत्सने आनंदाच्या भरात ‘वाघणगेरी परिवार’ या व्हॉट्सअॅप ग्रुपवर बाळाचा फोटो टाकला होता. श्रावणात त्या दोघांना त्या ग्रुपात घेतलं होतं.

“बाबा, हे काय? फोटो गेला.”

“कुठे गेला?”

“अॅडमिनने डिलीट केला. चुकून केला असेल.” मग तो थांबला. “आणि आपल्याला काढलंय. दोघांनाही.”

अॅडमिन उमाकांत होता. म्हणजे त्याला कळलं होतं. आणि कळलं नाही असं ठरवूनही झालं होतं.

रणवीरला हसू आलं. पहिल्या वेळी निदान तानूबाईला पाय उचलावा लागला होता.

“मी येतो जाऊन,” तो म्हणाला.

“आत्ता? सिद्धी शुद्धीवर येईल इतक्यात. तुम्हाला विचारेल.”

“येतो म्हटलं ना.”

&nbsp;

रिक्षा.

मारतहळ्ळीचा पूल.

रिक्षा तिथेच.

“सार, स्वल्प जाम,” रिक्षावाला म्हणाला. “अर्जंट आहे का? कुणी गेलं?”

“कुणी आलं.”

“मग काय घाई? आलेलं कुठे जातंय.”

रणवीरने फोनवर वेळ पाहिली. त्याच्या डोळ्यांपुढे जयतीर्थांचा तळहात होता, त्यावर पळीभर पाणी. ते पाणी ताम्हनात पडलं की संकल्प सुटला. मग मुलगी जन्मली काय आणि न जन्मली काय.

रिक्षा हलली. थांबली. हलली.

&nbsp;

इंदिरानगरच्या बंगल्याला झेंडूची तोरणं होती आणि गेटवर दोन माणसं. “यादीत नाव नाही,” एक म्हणाला. रणवीर त्याच्याशी वाद घालणार तोच आतून कॅमेरावाल्यांची एक मुलगी धावत आली. सुप्रीता, असं गळ्यातल्या पट्ट्यावर लिहिलेलं. तिला घरातलं राजकारण कुणी सांगितलं नव्हतं. तिच्याकडे कार्यक्रम होता आणि कार्यक्रमात थोरल्याच्या हातचा टिळा होता.

“सर, किती वेळ! तुमचाच शॉट राहिलाय. या, या.”

ती त्याला हाताला धरून थेट मांडवात घेऊन गेली.

चौरंगावर प्रणीत, डोक्यावर मंदील, कपाळ कोरं. पुढे माती पसरलेली, घट अजून बाजूलाच. जयतीर्थांच्या उजव्या हाताशी पळी. भीमसेनराव कुंकवाच्या तबकाशी तयारीत. उमाकांतने वर पाहिलं आणि रणवीरला ओळखलं.

“वाजवा,” तो नगारेवाल्यांना म्हणाला. “जोरात. थांबायचं नाही.”

नगारा सुरू झाला. सनई त्याच्यावर चढली. रणवीरने तोंड उघडलं, “आचार्य, माझ्या घरी...” आणि ते त्याचं त्यालाही ऐकू आलं नाही. तो पुन्हा ओरडला. लोकांना वाटलं जयजयकार करतोय. दोघांनी टाळ्याही वाजवल्या. उमाकांत देवीला हात जोडून बसला होता. त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. तेच, त्याच्या बापाचं.

सुप्रीताने खूण केली. कॅमेरा वळला. जयतीर्थांना वाटलं थोरले आले, आता त्यांचाच मान. त्यांनी भीमसेनरावांच्या पुढ्यातलं तबक उचललं आणि रणवीरपुढे धरलं.

आणि रणवीर एक पाऊल मागे सरला. दोन्ही हात पाठीशी नेले. आचार्य रीतीप्रमाणे आधी त्याला कुंकू लावायला वाकले, तर त्याने मान फिरवली.

नगारा वाजतच होता. ऐकू कुणालाच काही आलं नाही. दिसलं सगळ्यांना. वाघणगेरीचा माणूस देवीच्या कुंकवाला पाठ कधी दाखवतो, हे तिथल्या म्हाताऱ्या बायकांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी पदर आवरले आणि त्या चौरंगाजवळून दूर झाल्या.

जयतीर्थांनी तबक खाली ठेवलं. मग हात वर केला. नगारा अडखळत थांबला.

“यावुदु, अण्णा?” त्यांनी विचारलं. “जन्म की मृत्यू?”

“जन्म. सुनेला मुलगी झाली. आज सकाळी.”

“आचार्य,” उमाकांत म्हणाला, “मी काही ऐकलं नाही. तुम्ही संकल्प सोडा.”

“आता ऐकलंत, सरकार. मीही ऐकलं.” त्यांनी पळी उलटी करून ठेवली.

उमाकांत उठला. पितांबर पायात आला, त्याने तो लाथेने सोडवला. “आम्ही तुम्हाला जिवंत केलं, दादासाहेब.”

“म्हणूनच लागलं.”

“याच दिवशी? बरोबर याच दिवशी मूल झालं?”

“दिवस मी निवडला.”

ते तो कितीतरी मोठ्याने बोलला. नगारा थांबलाय हे त्याच्या लक्षातच नव्हतं.

प्रणीतने मंदील काढून मांडीवर ठेवलं. अठ्ठावीस वर्षांचा मुलगा, घामाने डबडबलेला. “मग पुढच्या वर्षी करायचं का?” त्याने विचारलं.



&nbsp;

रणवीर हॉस्पिटलात पोचण्याआधी प्रणीतचा फोन पोचला होता. श्रीवत्स खोलीबाहेर उभा होता. त्याने बापाकडे पाहिलं नाही.

सिद्धी पडून होती. बाळ कुशीत.

“तीन दिवस होते, बाबा,” ती म्हणाली. आवाज अजून भुलीचा, जड. “तुम्ही हा का घेतलात?”

देवीचा म्हणून, असं सांगता आलं असतं. तिने कदाचित मानलंही असतं. पण सहाव्या वर्षापासून रणवीर वाट बघत होता की हे कुणीतरी विचारावं.

“त्यांना अडवायला.”

“अडले?”

“अडले. कायमचे.”

तिने बाळाच्या तोंडावरून दुपटं जरा पुढे ओढलं. “सोयर किती दिवस असतं?”

“दहा.”

“मग दहा दिवस तुम्ही हिला हात लावायचा नाही.”

“तसं नसतं, सिद्धी. ते देवाधर्माचं. घरच्यांनी बाळाला घ्यायला...”

“आता असतं.”

त्याने श्रीवत्सकडे पाहिलं. श्रीवत्सने दार उघडून धरलं, तो बाहेर पडेपर्यंत, आणि मग हलकेच लावून घेतलं.

कॉरिडॉरमध्ये खुर्च्या होत्या. रणवीर एकीवर बसला. वाईट वाटायला हवं, हे त्याला कळत होतं. त्याने थोडा वेळ वाटही पाहिली. दाराआड बाळ रडायला लागलं, बारीक, चिवट. समोरच्या खुर्चीवरची बाई कौतुकाने म्हणाली, “तुमचं का, अज्जा?”

रणवीरने ऐकलं नाही. तो अजून इंदिरानगरला होता, आणि समोर प्रणीतचं कपाळ होतं, कोरं.