पेन्सिलीच्या टोकाएवढं भोक

घरात पाच फुटी मत्स्यालय आलं आणि बायकोचं कामाचं टेबल गेलं. ती पुस्तकबांधणी करायची. ग्रंथालयाची फाटकी पुस्तकं तिच्याकडे येत आणि टेबल गेल्यापासून खळ लावून मत्स्यालयाशेजारी जमिनीवर, फळ्यांखाली दाबून सुकत. नवरा कारखान्यात सुरक्षा अधिकारी होता. दुसऱ्यांच्या शिड्या तपासून तपासून आपण कधी पडणार नाही, अशी त्याची खात्री झाली होती.

मत्स्यालयाचं पाणी खालच्या कपाटातल्या छोट्या टाकीत गाळून पडायचं आणि पंप ते नळीने पुन्हा वर चढवायचा. नळीचं तोंड वरच्या पाण्यात वीतभर बुडालेलं. बायकोचा धाकटा भाऊ प्लंबर. त्याने ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"भावोजी, पंप थांबला की हीच नळी उलटी ओढायला लागेल. वरचं वीतभर पाणी खाली. खालच्या टाकीत जागा दोन बादल्यांची. बाकीचं ताईच्या पुस्तकांवर."

त्याने पाण्याच्या पातळीच्या जरासं खाली नळीला पेन्सिलीच्या टोकाएवढं भोक पाडलं. पाणी बोटभर उतरलं की भोकातून हवा शिरणार आणि ओढ तुटणार. काम संपलं.

पण त्या भोकातून पाणी चुळचुळायचं. शिवाय उपाय फुकटचा, म्हणजे हलकाच असणार. नवऱ्याने चकचकीत खोक्यातली, पाणी एकाच दिशेने सोडणारी झडप आणून बसवली आणि भोक सिलिकॉनने बुजवलं. बायकोला सांगितलं नाही. सुरक्षेच्या बाबतीत घरच्यांना कशाला त्रास?

रविवारी दुपारी त्याचे साहेब मत्स्यालय बघायला आले. जमिनीवर तेवीस पुस्तकं होती. ती सोमवारी पोचली नाहीत तर पुढचं काम दुसऱ्याला, असं ग्रंथपालबाईंनी बजावलेलं.

"आणि वीज गेली तर?" साहेबांनी विचारलं.

"दाखवतोच." त्याचा हात भिंतीवरच्या बटणाकडे गेला.

"अहो, थांबा, आधी पुस्तकं उचलते."

"अगं, साहेबांसमोर एवढा अविश्वास?"

त्याने बटण बंद केलं. खालची टाकी भरली, काठोकाठ आली आणि कपाटाच्या दाराखालून पाण्याची जीभ बाहेर निघाली.

"स्थिरावेल," नवरा म्हणाला. साहेबांनी पाय वर घेतले. पंप पुन्हा चालू करायची सोय नव्हती. त्याची विजेची जोडणी या सुरक्षा अधिकाऱ्याने कपाटाच्या तळाशीच ठेवली होती आणि ती आता पाण्यात होती.

पुस्तकं उचलता उचलता बायकोने वर पाहिलं. पाणी चार बोटं उतरलं होतं. उघड्या पडलेल्या नळीवर भोकाच्या जागी पांढरा गोळा.

"हे कोणी केलं?"

तिने पुस्तकं शिवायचा टोचा उचलला आणि गोळ्यात खुपसून आरपार फिरवला. सुर्रकन हवा आत गेली. नळी गुरगुरली आणि पाणी थांबलं. तोवर सात पुस्तकं चिंब झाली होती.

संध्याकाळी भावाने झडप उघडली. आत तिळाएवढी गोगलगाय अडकलेली, त्यामुळे ती मिटलीच नव्हती.

"झडप उत्तम आहे, भावोजी. फक्त बसवताना गोगलगायीची परवानगी घ्यायची राहिली."

"अपवादात्मक परिस्थिती होती," नवरा म्हणाला.

बायकोने फोन लावून त्याच्या हातात दिला. "ग्रंथपालबाई आहेत. बोला."

तो खाकरला. "नमस्कार. काय झालं, आमच्याकडे अचानक पाणी आलं..."

"आलं नाही," बायको शेजारून म्हणाली. "आणलंत."

त्याने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, या वेळी भोकासकट. बाईंनी सात पुस्तकांना आठ दिवसांची मुदत दिली. सोळा वेळेवर गेली.

ती सात सुकवायला कोरडी, रुंद, सपाट जागा घरात एकच उरली होती: पलंगाची त्याची बाजू. आठ दिवस तो मत्स्यालयाशेजारी जमिनीवर निजला. भोक त्याच्या डोक्यावर चुळचुळत होतं.