गार इंजिनाची परीक्षा

मी वारूळवाडीच्या सयाजीचा लाल ट्रॅक्टर बोलतोय. खरं तर आता मी आळ्याच्या भागुजींचा आहे. पण तोंडात अजून जुनंच नाव येतं, त्याला माझा इलाज नाही.

एक्क्याण्णव सालच्या दसऱ्याला मी सयाजीच्या दारात उभा राहिलो. त्याच्या बायकोनं, साळुबाईनं, माझ्या चाकांवर पाणी घातलं, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. झालो मी त्या घरचा. नांगरट माझी, द्राक्षांची फवारणी माझी, ऊस माझा आणि लग्नसराईत वऱ्हाडही माझंच.

थंडीत मला चालू करायची सयाजीची एक रीत होती. आधी चावी हीटरवर धरून ठेवायची, म्हणजे आतली तार तापते. मग सेल्फ मारायचा. सयाजी चावी धरून देवांची नावं घ्यायचा. "मुक्ताई, भैरोबा, लेण्याद्रीच्या गणपती, कुकडेश्वरा, भीमाशंकरा." अगदी सावकाश, एकेका देवाच्या पायऱ्या चढल्यासारखा. भीमाशंकर येईपर्यंत तार लालबुंद व्हायची आणि मी एका दमात बोलू लागायचो. सयाजीला वाटायचं, देव पावले. मला वाटायचं, हा माणूस माझ्यासाठी एवढे देव गोळा करतो. आमचा संसार बरा चालला होता.

मग दोन हजार तीन साली निळा आला.

सवत काय फक्त माणसांतच असते? त्या निळ्याला हीटर नको, देव नकोत. चावी फिरवली की हा चालू. सयाजी येईल त्या पाहुण्याला अंगणात ओढून न्यायचा. "बघा राव, नुसतं बोट लावलं का बोलतोय." आवाज तरी कसला त्याचा! शिवणयंत्र बरं. नव्याचे नऊ दिवस म्हणतात म्हणून मी वाट पाहिली. दहाव्या दिवशीही सयाजी त्यालाच फडक्यानं पुसत होता, आणि फडकं माझं होतं. मी जळफळत उभा राहिलो. पुढं माझ्या सीटवर खुडूक कोंबडी बसली. साळुबाईनं तिला उठवायचं सोडून तिच्याखाली अंडी ठेवली.

आणि त्याच हिवाळ्यात सयाजीनं मला विकायला काढलं.

बघायला आले आळ्याचे भागुजी आणि त्यांची बायको केशरबाई. आयुष्यभर दुसऱ्याच्या ट्रॅक्टरची वाट बघत पेरणी केलेली माणसं. स्वतःचा घ्यायची त्यांची ही पहिलीच वेळ, म्हणून भागुजी फार जपून पावलं टाकत होते. ते येणार म्हणून सयाजीनं उजाडायच्या आधीच मला तासभर चालवून ठेवलं होतं. भागुजींनी चहाला नको म्हटलं, सरळ माझ्याकडे आले आणि इंजिनावर तळहात ठेवला.

"भाऊ, ह्यो तर आंघोळ करून बसलाय," ते म्हणाले. "मला पारोसा बघायचाय, गार असताना."

"सकाळी जरा फवारणीला न्हेला व्हता," सयाजीनं ठोकून दिलं.

"असू द्या की. आमी आज नारायणगावात लेकीकडं ऱ्हातो, उद्या उजाडता येतो. चावी तेवढी माझ्यापाशी असू द्या."

सयाजीला नाही म्हणता येईना. भागुजींनी चावी खिशात घातली. साळुबाई पदराआड हसत म्हणाली, "घ्या. आता बसा देव आठवत."

मला मात्र हसू आलं नाही. बारा वर्षं मी याच्याकडे राबलो आणि याला माझी एवढीही खात्री नव्हती? निळ्याला कधी कुणासमोर असा तापवून ठेवला नव्हता. त्या रात्री मी ठरवून टाकलं, उद्या चालू व्हायचंच नाही. मी गेलो तर अंगणात तो एकटा, आणि सयाजी सगळाच्या सगळा त्याचा. त्यापेक्षा कोंबडी परवडली.

सकाळी गवतावर दहिवर पडलं होतं. भागुजी सीटवर चढले आणि बसल्या बसल्या सेल्फ मारला. हीटर नाही, काही नाही. थोडा जोर केला असता तर तसाही चालू झालो असतो. पण का करावा? मी पांढरा धूर सोडून गप्प बसलो. त्यांनी परत मारला. मी परत गप्प.

"रुसलाय जणू," केशरबाई म्हणाल्या.

भागुजी खाली उतरले. "सेल्फ तर झ्याक फिरतोय. धूरबी पांढरा हाय, निळा असता तर आईल जळतंय म्हनलो असतो. मग धरत का न्हाई?" त्यांनी चावी सयाजीपुढं केली. "भाऊ, तुमी एकडाव मारून बघा. न्हाई झाला तर आमी आपलं निघतो."

निघा, मी मनात म्हटलं.

सयाजी चढला. कालचा तास सोडला तर कित्येक महिन्यांत तो माझ्यावर बसला नव्हता. चावी हीटरवर धरून तो पुटपुटू लागला. "मुक्ताई..." लोकांसमोर लाजत, पण तसाच सावकाश. भैरोबा. गणपती. मी स्वतःला बजावत होतो, विरघळू नकोस, हा तुला घालवायला बसलाय. कुकडेश्वर. एक देव गाळला असता तरी मी हटून बसलो असतो. त्यानं एकही गाळला नाही. भीमाशंकर म्हणून त्यानं सेल्फ मारला आणि मी बोललो. एका दमात, लग्नाच्या वऱ्हाडाला बोलायचो तसा.

"आत्ता कळलं," भागुजी म्हणाले. "हीटर तापू द्यावा लागतोय. मशीन नामी हाय."

"म्हंजी देवाचं काय नव्हतं?" साळुबाईनं विचारलं. सयाजीनं सौदा पक्का केला. त्यानं भागुजींच्या हाती नारळ दिला, माझ्या बॉनेटवर थाप मारली, "लई राबला," एवढं म्हणाला आणि निळ्यावर जाऊन बसला. बागेची फवारणी खोळंबली होती.

आता मी आळ्यात आहे. बरा आहे. हीटर तापेपर्यंत केशरबाई शेजारी उभ्या राहून "बुद्धं सरणं गच्छामि" म्हणतात, भागुजी घाई करत नाहीत. मला इथं मान आहे, सावली आहे. तरी आळेफाट्याच्या बाजारात कांदा घेऊन तो निळा दिसला की मी उगाच काळा धूर सोडतो. सयाजी वरून भागुजींना हात करतो. मला नाही करत.

तुम्ही कधी जुना ट्रॅक्टर घ्यायला गेलात तर भागुजींसारखंच करा. इंजिनाला हात लावा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी या. सेल्फ ऐका, धूर बघा. पण चावी जुन्या धन्याच्या हातात देऊ नका. तुम्हाला वाटेल, इंजिन चांगलं म्हणून चालू झालं. तसं नसतं हो. त्या हाताला आम्हाला नाही म्हणता येत नाही, विकायला बसला असला तरी.