गालातला हरभरा

चिमट्याच्या टोकाला मोड आलेला एक हरभरा होता. डॉक्टर वैशालीने तो दिव्याखाली धरला, उलटसुलट करून पाहिला आणि मग शेजारी ट्रे घेऊन उभ्या असलेल्या निंबाकडे मान वळवली. दोघांच्याही अंगात डोक्यापासून पायापर्यंत पांढरे सूट होते, तोंडावर मुखवटे होते. एकमेकांचे डोळे तेवढे दिसत होते.

"काका, हा याच्या गालात निघाला," ती म्हणाली. "इथे हरभरा कसा आला?"

निंबाने ट्रे घट्ट धरला.

हॅमस्टर नावाच्या त्या बदामी रंगाच्या, उंदरासारख्या जिवाला दोन्ही गालांत पिशव्या असतात. मिळालेला दाणा तो लगेच खात नाही, गालात भरून ठेवतो आणि मग कोपऱ्यात निवांत बसून एकेक काढून खातो. आजारी पडला तरी ही सवय सुटत नाही. खायची ताकद नसते, पण दिलेला दाणा तो नाकारत नाही. ठेवून देतो, मागाहून खाऊ म्हणून. या एका हॅमस्टरचं मागाहून आलंच नाही, आणि हरभरा गालातच राहिला.

कामरेजच्या रस्त्यावर, उसाच्या शेतांपलीकडे ही संशोधन संस्था होती. निंबा तिथल्या प्राणीगृहात कामाला होता. त्याआधीची सगळी उमर त्याची पांडेसऱ्यात गेली, कापड रंगवण्याच्या मिलमध्ये. अमळनेरकडचं गाव सोडून तो सुरतेला आला तेव्हा मिसरूड फुटत होतं. मिलमधून बाहेर पडला तेव्हा मिशी पांढरी झाली होती. लॉकडाउनमध्ये मिलचं काम गेलं आणि ओळखीच्या एकाने त्याला इथे चिकटवलं. पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा, पाणी भरायचं, खाद्याच्या गोळ्या मोजून टाकायच्या. रंगाच्या वाफेत उभं राहण्यापेक्षा हे काम त्याला बरं वाटलं. मुख्य म्हणजे इथे कुणी ओरडत नव्हतं. प्राणी घाबरतात म्हणून माणसंही हळू बोलत.

इथे काय चालतं ते त्याला वैशालीनेच समजावलं होतं. तिचे वडील विदर्भातून येऊन इथे पॉवरलूमवर राबलेले. ती लिंबायतमध्ये वाढली आणि शिकून तिने डॉक्टरेट मिळवली. बोलता बोलता गुजराती मध्येच यायचं, पण निंबाशी ती मराठीतच बोले. साध्या उंदराला कोरोना धड होत नाही, तिने सांगितलं होतं. त्या विषाणूला आत शिरायला दार लागतं, आणि उंदराच्या अंगातल्या दाराला त्याची चावी बसत नाही. हॅमस्टरला बसते. त्याचं फुप्फुस माणसासारखंच सुजतं, भरून येतं, आणि मग हळूहळू सुधारायला लागतं. म्हणजे जखमही पाहता येते आणि जखम भरणंही. एका औषधाने ही जखम कमी होते का, व्रण राहू नयेत असं करता येतं का, एवढंच ते पाहत होते. अर्ध्या प्राण्यांना औषध, अर्ध्यांना नुसतं पाणी. कुणाला काय दिलंय हे शेवटपर्यंत कुणालाच कळू द्यायचं नाही, तिलाही नाही.

"व्रण" हा शब्द ऐकल्यापासून निंबा त्या खोलीतल्या प्राण्यांना जरा जास्तच जपू लागला. त्याच्या घरी, पांडेसऱ्यातल्या दीड खोलीत, त्याच्या बायकोच्या, प्रमिलाबाईच्या फुप्फुसांत तेच व्रण होते. दुसऱ्या लाटेत ती सिव्हिलमधून जिवंत परत आली, पण अर्धीच आली, असं ती स्वतःच म्हणायची. ऑक्सिजनचं मशीन खाटेशेजारी घुरघुरत असे. संडासला जाऊन आली की ती भिंतीला धरून उभी राही आणि हात वर करून सांगे, थांबा, आत्ता बोलायला लावू नका.

औषध लागू पडलं तर ते माणसांपर्यंत यायला किती दिवस, असं त्याने वैशालीला एकदा विचारलं होतं. तिने खोटा दिलासा दिला नाही. बरीच वर्षं, ती म्हणाली, आणि कदाचित येणारही नाही. पण इथे नापास झालं तर नक्कीच येणार नाही. हे शेवटचं वाक्य निंबाने जपून ठेवलं होतं.

आणि चूक त्याच्याच हातून झाली होती.

त्याच्या आईची एक रीत होती. घरात कुणी आजारी असलं की त्याने घास घेतल्याशिवाय इतरांनी ताटाला हात लावायचा नाही. बाप शेतातून उन्हाचा आला तरी थांबे. आजाऱ्याला वाटे, आपल्यामुळे सगळे उपाशी आहेत, आणि तो चार घास गिळे. निंबाच्या घरी ही रीत अजून चालू होती. प्रमिलाबाई आजारातून उठली ती औषधांनी की या रिवाजाने, हे सांगणं कठीण.

त्या खोलीतले हॅमस्टर आजारी पडले, अंगावरचे केस विस्कटून कोपऱ्यात गोळा होऊन बसले, गोळ्यांकडे पाहीनासे झाले, तेव्हा निंबाला बाहेर जाऊन आपला डबा उघडता येईना. पलीकडच्या खोलीत पिल्लं दिलेल्या माद्यांसाठी मोड आलेले हरभरे ठेवलेले असत. त्यांना ते द्यायची परवानगी होती. त्यातले मूठभर तो खाद्याच्या ट्रेमध्ये घालून आत नेऊ लागला. जो अगदीच गळून गेला असेल त्याच्या तोंडाशी एकेक दाणा धरायचा. तो पुढच्या दोन पायांनी दाणा घेई. निंबाला मग बाहेर जाऊन भाकरी गोड लागे.

आजारी हॅमस्टरचं वजन घटतं, आणि ते किती घटलं यावरूनच आजार मोजतात, हे त्याला ठाऊक होतं. रोज सकाळी वजन करताना आकडा मोठ्याने वाचणारा तोच होता. पण खोलीभर ट्रे फिरवताना त्याला तो आकडा आठवला नाही. त्याला कोपऱ्यात बसलेला जीव दिसला.

वैशालीने चिमटा खाली ठेवला. दमलेल्या आवाजात तिने सांगितलं की कोणाला काय दिलं होतं ते काल उघड झालं. काही प्राण्यांची फुप्फुसं तिने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. औषध मिळालेल्यांची खरंच बरी होती. पण वजनात दोन्ही गटांत काही फरकच नाही. पाणी मिळालेले प्राणीही फारसे वाळले नाहीत. फुप्फुस आणि वजन हे दोन साक्षीदार उलट बोलले की कुणाचंच खरं धरत नाहीत. वरिष्ठ म्हणताहेत, हे औषध सोडा, दुसरं घ्या.

"हा एखादा दाणा पलीकडून चुकून ट्रेमध्ये आला असेल ने, काका?" तिने विचारलं. "तसं असेल तर तसं लिहिते."

ती त्याला वाट दाखवत नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं. निंबाने मान किंचित हलवली, आणि ती हो होती की नाही हे सूट-मुखवट्यामुळे तिला कळलं नाही.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा प्रमिलाबाई खाटेवर बसून मेथी निवडत होती. त्याने हातपाय धुतले आणि तिच्यासमोर जमिनीवर बसून सगळं सांगितलं, हरभऱ्यापासून वरिष्ठांपर्यंत. ती ऐकत राहिली. मध्ये एकदा तिने काडी टाकली आणि विचारलं, "माले चारं व्हतं तसंच का?"

"तसंच," तो म्हणाला.

ती जरा हसली, मग खोकली. खोकला ओसरल्यावर तिने विचारलं,

"मंग आते खरं सांगं तं?"

तो म्हणाला, खरं सांगितलं तर नोकरी जाईल. आणि तेवढ्यावर भागणार नाही. सगळं पहिल्यापासून करतील. नवे प्राणी आणतील, त्यांनाही तोच आजार देतील, आणि शेवटी त्यांनाही मारतील. माझ्या मूठभर हरभऱ्यापायी. आणि नाही सांगितलं तर औषध जाईल.

प्रमिलाबाईने निवडलेली मेथी टोपलीत टाकली.

"जे गयात, त्यास्ना जीव फुकट जाई ना मंग," ती म्हणाली. श्वास घेऊन पुढे म्हणाली, "तुम्हीन घास दिधा ते पाप नही. चूप बसशात ते पाप शे."

"तुन्हा औषधसाठे म्हनीसन सांगस का?"

"मन्हासाठे?" तिने नळी नाकावर नीट बसवली. "मी कोठे राहस औषध येस तवलोंग. कोनासाठे तरी व्हई."

दुसऱ्या दिवशी वैशाली यायच्या आधीच तो तिच्या खोलीबाहेर उभा होता. बसा म्हटल्यावरही बसला नाही. हरभरे चुकून आले नाहीत, मी दिले, असं त्याने सांगितलं. कोणाला दिले, हेही सांगितलं: जो जास्त आजारी दिसला त्याला. म्हणजे बहुधा पाणी मिळालेल्यांनाच.

तिने डोळे मिटून घेतले. ती ओरडली असती तर निंबाला बरं वाटलं असतं.

"काका, त्या बिचाऱ्यांना बोलता येत नाही," ती शेवटी म्हणाली. "ते खात नाहीत, हेच त्यांचं सांगणं असतं. तुम्ही त्यांना सांगू दिलं नाही."

तिने वरिष्ठांना कळवलं, संस्थेच्या चौकशी समितीपुढे त्याला बोलावलं गेलं, गुजरातीत आणि हिंदीत त्याला तेच तेच विचारलं गेलं आणि त्याने तेच तेच सांगितलं. काही आठवडे त्याला नुसते पिंजरे धुवायला ठेवलं. नोकरी गेली नाही. वैशालीने रदबदली केली असावी, पण त्याने विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. अभ्यास पुन्हा करायला परवानगी मिळाली तेव्हा तो तिच्याकडे गेला आणि म्हणाला, आतलं काम यावेळीही मलाच द्या.

"तुम्हाला जमेल?"

"माझ्यामुळे आलेत ते," निंबा म्हणाला. "दुसऱ्या कुणी का बघावं त्यांचं?"

नवे हॅमस्टर आले. पहिले काही दिवस ते भुशात बोगदे काढत, गाल फुगवून इकडून तिकडे पळत. मग एके सकाळी काहींचे केस विस्कटलेले दिसले. निंबाने गोळ्या मोजून टाकल्या, उरलेल्या मोजून काढल्या. पलीकडच्या खोलीतल्या हरभऱ्यांकडे त्याने पाहिलं नाही. एक मादी जाळीपाशी आली आणि तिने त्याच्या हातमोज्याला नाक लावलं. त्याचा हात रिकामा होता. त्याने तो तसाच जाळीपाशी राहू दिला, तिचं हुंगून होईपर्यंत. मग तिला अलगद उचलून काट्यावर ठेवलं आणि आकडा वाचला. कालच्यापेक्षा कमी होता. वैशालीने लिहून घेतला. त्याचा आवाज हलला नाही.

त्या दिवशी घरी आल्यावर प्रमिलाबाईने त्याच्या पिशवीतून डबा काढला आणि हातात तोलला.

"जड लागी राहिना," ती म्हणाली.

तिने झाकण उघडलं. सकाळी बांधून दिलेली भाकरी घडीही न मोडता तशीच होती. ठेचा, कांदा, सगळं जागच्या जागी. तिने झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा डबा बांधून दिला. तो पुन्हा तसाच परत आला. तिसऱ्या दिवशीही ती भिंतीचा आधार घेत उठली, पीठ मळलं, भाकरी थापली, आणि डबा भरून त्याच्या हातात दिला.

त्या संध्याकाळी तिने तसाच परत आलेला डबा उघडून भाकरी तव्यावर गरम केली. तेवढ्यानेही तिला धाप लागली. तव्यासमोर बसून तिने श्वास जमवला. मग भाकरी ताटात घालून ते दोघांच्या मधे ठेवलं. निंबा ताटाकडे पाहत बसला होता, हात मांडीवर.

प्रमिलाबाईने भाकरीचा लहानसा तुकडा मोडला, ठेच्याला लावला आणि तोंडात घातला. हळूहळू चावून तो गिळला. मग ताट बोटाने त्याच्याकडे सरकवलं.