बांबूवरची खूण

आमचे हे, म्हणजे इस्तारी, तलावात मासे धरतात. उतरताना अक्कल तेवढी काठावर ठेवतात. उगाच नाही म्हणत मी.

उद्या शाळा उघडणार होती. आमची आचल पाचवीत गेली, आणि पाचवीची शाळा तीन किलोमीटर लांब. मैत्रिणी सगळ्या सायकलने जाणार, हिच्याकडे सायकल नाही. भद्रावतीला एक संस्था जुन्या सायकली दुरुस्त करून लहान मुलांना स्वस्तात देते असं कळलं, तेव्हा पोरीला न सांगता आणायचं ठरलं. माप यांनी घेतलं. आचल तलावाच्या पायरीवर उभी असताना डोंगा ढकलायचा बांबू तिच्या शेजारी पाण्यात रोवला आणि तिच्या कमरेशी विळ्याने खूण केली. तोच अख्खा बांबू घेऊन आम्ही दोन एसट्या बदलल्या. कंडक्टरने याचंही तिकीट फाडू का विचारलं, तेव्हा मी यांना ओळखत नसल्यासारखी खिडकीबाहेर पाहत बसले.

संस्थेत दीपिका नावाची मुलगी सायकली दुरुस्त करत होती, हात ग्रीसने काळे. तिने बांबू उभा केला आणि खुणेच्या मापाची एक लाल सायकल काढली. मग माझ्याकडे पाहिलं.

"खूण तर तुमच्या कमरेले लागून राह्यली, बाई. पोरगी पाचवीतच आहे ना?"

मी बांबूचं बूड पाहिलं. वीतभर वाळलेला चिखल. पोरगी दगडी पायरीवर, आणि बांबू गाळात रुतलेला.

"चिखलाचंबी माप घेऊन आले तुमी," मी म्हटलं.

हे डोकं खाजवायला लागले. मला राग आला होता, पण रागातच असं हसू फुटलं की खाली बसावं लागलं.

दीपिकाने वीत वजा करून छोटी निळी सायकल काढली. पण तिथला नियम असा की अंगणातल्या कडुनिंबाला एक फेरी मारायची, ब्रेक दाबून थांबायचं, मगच सायकल फाटकाबाहेर. पोर सोबत नसेल तर नेणाऱ्याने. यांचे गुडघे हँडलला अडकले. उरले मी.

बाबांनी सायकल फक्त भावांना शिकवली होती. मी घाबरले, चांगलीच घाबरले. पण फेरी नाही तर सायकल नाही, आणि उद्या आचल एकटी पायी.

पदर खोचून बसले. पाय जमिनीला टेकत होते, म्हणून ढकलत निघाले. दोनदा कलंडता कलंडता राहिले.

"समोर पाह्य, खाली काऊन पाहून राह्यली?" हे म्हणाले.

समोर पाहिलं, पाय उचलले, आणि सायकल पडलीच नाही. मी खिदळत सुटले. फेरी एकच मारायची होती, मी तीन मारल्या, कारण ब्रेक सापडला तो तिसऱ्या फेरीला, टायरांच्या ढिगाच्या चार बोटं अलीकडे.

"झाल्या पास," दीपिका म्हणाली. "पोरगी वाढली का ही आणून द्या, मोठी घेऊन जा."

चारशे रुपये देऊन आम्ही निघालो.

"घरी गेल्यावर ते खोटी खूण तासून टाका," मी यांना बजावलं.

यांनी बांबू खांद्यावर घेतला. "काऊन तासू? थे तुही खूण आहे. पुढच्या बारीले तुह्या सायकलीसाठी येऊ."

स्टँडपर्यंत निळी सायकल मी चालवतच नेली. हे बांबू घेऊन मागे धावत होते.