साखळीतलं नाव

पाहुण्याचा सलाम पुरा व्हायच्या आत उमामानं दाराला अडसर लावला.

"शेख झोपलेत," ती फटीतून म्हणाली. "उद्या या."

"काल हेच ऐकलं, बाई. परवाही हेच. इतकं तर माझं गाढवसुद्धा झोपत नाही."

बाहेर पिकल्या दाढीचा बिश्र उभा होता, मर्वहून वासितपर्यंत वाट तुडवत आलेला. शेजाऱ्याच्या हक्काबद्दलचं पैगंबरांचं एक वचन, तेवढं एकच, त्याला शेख अबू मुआझ यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

उमामानं हसू ओढणीत दडवलं. शेख, म्हणजे तिचे अब्बा, झोपले नव्हते. अंगणात खजूर सोलत बसले होते. बिया वाडग्यात जमवत होते आणि खजूर जमिनीवर टाकत होते. सकाळी त्यांनी तिला तिच्या मेलेल्या आईच्या नावानं हाक मारली होती. वचन कुणी कुणाला सांगितलं, ती नावांची साखळी, जिच्याविना वचन कुणी मानत नसे, आता त्यांच्या जिभेवर गुंतायची. हे एकदा बाहेर फुटलं, की सारं वासित म्हणणार, म्हातारा घोटाळतो, त्याच्याकडून काही घेऊ नका. आणि मग जन्मभर शिकवलं त्यावरही बोट ठेवणार.

"कोण आहे गं?" अब्बांनी विचारलं.

"मासेवाला."

"मर्वच्या बोलीत मासे विकतो? उघड दार."

बिश्र आत आला, शेखांसमोर बसला, त्यानं दौत उघडली. उमामा अब्बांच्या पाठीशी उभी राहिली.

"मला सांगितलं..." अब्बा थांबले. बोटं दाढीत अडकून राहिली. तिनं मागून हळूच नाव पुरवलं. बिश्रनं ते ऐकलं. दुसऱ्यानं पुरवलेलं नाव लिहायला लेखणी त्यानं उचललीच नाही.

"मोठ्यानं बोल की," अब्बा म्हणाले. "भिंतीला सांगतेस?"

"अब्बा, तुम्हीच तर..."

"मला आठवत नाही, पोरी. कधीपासूनच आठवत नाही. तुला कळलं आणि मला कळलं नसेल, असं वाटलं तुला?"

त्यांनी तिचं मनगट धरून तिला शेजारी बसवलं. मग बिश्रकडे वळले. आवाज मशिदीतल्या शिकवण्याचा होता.

"लिही. मला माझी मुलगी उमामा हिनं सांगितलं, की ती लहान असताना, चुलीपाशी, मीच तिला सांगितलं होतं..."

"चुलीपाशी नाही, अब्बा. गच्चीवर."

"गच्चीवर," ते खुशीत म्हणाले. "बघ. पक्की आहे ती. पुढची नावं तिच्याकडून घे."

बिश्रनं लेखणी बुडवली, पाय आवरले, आणि गुडघे तिच्या दिशेला वळवून बसला.