हिरवी, निळी आणि मी एकटीच

मी खोक्यांच्या कारखान्यातली पुठ्ठा कापणारी मशीन बोलतेय. आधीच सांगून टाकते: मी एकटी आहे. मला बहीण नाही, जुळी तर नाहीच नाही. एवढं ठासून सांगायचं कारण म्हणजे मध्यंतरी भर कोर्टात माझ्या दोन मशिनी झाल्या होत्या.

मी घडले तेव्हा माझ्या अंगावर हिरवा रंग चढवला आणि पोटाखाली पितळेची पट्टी ठोकली. तिच्यावर माझा नंबर. मालकांनी मला वित्तसंस्थेचं कर्ज काढून आणलं, त्यामुळे त्या कर्जाला तारणही मीच. राबायचं इथे आणि हक्क तिथला!

मालक कष्टाळू. साबणाची, बुटांची, औषधांची, कसली कसली खोकी माझ्या जबड्यातून निघायची. त्यांचे दोष सांगायला मी कचरले असते, पण त्यांची लेक ते रोज मोठ्यानं सांगते, मग मी तरी का लपवू? एक म्हणजे काही जुनं दिसलं की ते ब्रश घेऊन रंगवायला बसतात. दुसरं, छापील कागद पुढे आला की मान खाली. लेकीला ते 'ठिणगी' म्हणतात. कौतुकानं की धास्तीनं, ते मला अजून कळलेलं नाही.

मध्ये धंदा मंदावला, हप्ते जड झाले. वित्तसंस्थेचे साहेब म्हणाले, "नवं कर्ज घ्या. त्यातून जुनं आम्ही परस्पर फेडून टाकू. हप्ता हलका होईल." मालकांनी सही केली. जुनं कर्ज फिटल्याचा कागद मात्र मागितला नाही. मोठ्या माणसांकडे कागद मागायचा म्हणजे त्यांच्यावर संशय घ्यायचा, असं त्यांचं शहाणपण.

नव्या कर्जासाठी साहेब मशीन बघायला येणार, म्हणून मालकांनी मला निळी केली. रुंद ब्रशनं, पट्टीसकट. साहेब आले, चहा प्यायले, पण वाकून बघायचं काही त्यांच्या जिवावर आलं. 'निळी मशीन, नंबर दिसत नाही' असं लिहून ते गेले. झालं! कागदावर माझी बहीण जन्माला आली.

पुढे एक मोठं गिऱ्हाईक तुटलं, हप्ते थकले आणि दावा दाखल झाला. कर्जं दोन, मशिनी दोन, थकबाकी दोन्हींची. वर आरोप असा, की हिरवी मशीन जागेवर नाही, म्हणजे तारणाचा माल चोरून विकला.

मालक माझ्या शेजारच्या स्टुलावर बसले ते उठेचनात. "चोर ठरलो गं मी. ही जागा विकू आणि देऊन टाकू सगळं. निदान तोंड दाखवायला जागा राहील."

"पण बाबा, आपण विकलं काय?"

"त्यांच्या कागदावर छापलंय. एवढ्या मोठ्या संस्थेचा हिशेब चुकेल का?"

"छापलंय म्हणून खरं? साबणाच्या खोक्यावर 'शंभर टक्के शुद्ध' आपणच छापून देतो ना? साबण चाखून बघितला होतात?"

मी बंद होते म्हणून बरं, नाहीतर हसून हसून माझा पट्टा तुटला असता.

ठिणगीनं वकिलांच्या ओळखीनं एक फॉरेन्सिक अकाउंटंट बाई आणल्या. कोर्टात मागितलेलं देणं खरंच तेवढं आहे का, हे पैशाचा माग काढून शोधणं हे त्यांचं काम. मालक कुजबुजले, "हिशेबाचं पोस्टमॉर्टेम? अगं, आपला धंदा अजून जिवंत आहे!"

"म्हणूनच आत्ता बोलावलंय. मेल्यावर कोण येतंय?"

बाईंनी बँकेचे आणि वित्तसंस्थेच्या कर्जखात्यांचे उतारे चाळले आणि विचारलं, "काका, दुसऱ्या कर्जाचे पैसे तुमच्या हातात आले होते?"

"छे हो! साहेबांनी परस्पर जुनं फेडलं म्हणे."

"फेडलंच. पैसे त्यांच्याकडून निघाले आणि त्यांच्याकडेच, जुन्या कर्जात, जमा झाले. जुनं तिथेच संपलं. आता ते संपलेलंही मागतायत आणि नवंही." मग त्या माझ्याकडे वळल्या. "ही आधी कुठल्या रंगाची होती?"

"हिरवी," मालक म्हणाले. आणि एकदम त्यांच्या तोंडाचा आ झाला.

बाईंनी किल्लीनं माझं पोट हळूच खरवडलं. निळ्याखाली हिरवा दिसला. ठिणगीला कुठला धीर! तिनं थिनरचा बोळा घेऊन असं घासलं, की मला गुदगुल्या झाल्या. पितळ चमकलं. नंबर पहिल्या कर्जाच्या कागदातलाच होता.

"अरे देवा," मालक म्हणाले, "माझ्याच ब्रशनं मला चोर केलं!" आणि कपाळाला हात लावून ते इतके हसले, की डोळे पुसायची वेळ आली.

बाईंनी कोर्टात पैशाचा माग आणि माझ्या पट्टीचा फोटो शेजारी शेजारी मांडला. जुन्या कर्जाची मागणी रद्द झाली, चोरीचा आरोपही गेला. नव्या कर्जाचं जे खरंच बाकी होतं, ते मालकांनी मान्य केलं आणि हप्ते बांधून घेतले. या वेळी प्रत्येक हप्त्याची पावती ते स्वतः मागतात. तेही ताठ मानेनं.

आता माझा जबडा पुन्हा दिवसभर चालतो. परवाच एक साबणवाले नवी खोकी करून घ्यायला आले, तर मालक चष्मा वर करून विचारतात कसे, "शंभर टक्के कशावरून?" ठिणगी आत पोट धरून हसत होती.

माझं मागणं फार नाही. मला हवा तो रंग द्या, लाल द्या, पिवळा द्या, पण पट्टीवर ब्रश फिरवू नका. आणि कुणी छापील कागद नाचवून तुमचं देणं दुप्पट सांगितलं, तर मान खाली घालायची घाई करू नका. मान खाली घालायचीच असेल, तर माझ्या पोटाखाली घाला. नंबर तिथे आहे.